एनसीची पावती घेऊन परतावं, की एफआयआरसाठी अडून बसावं?

पक्षकार: शेजारी मारहाण, शिवीगाळ करतो. ठाणे अंमलदार एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद करून पावती देतात आणि वाटेला लावतात. माझं मत, ती घेऊच नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस आणि न्यायालयाच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम 174 नुसार न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्यात तपासच करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालाने (2013) एफआयआर सक्तीची केली आहे, तिचाच आग्रह धरा.

जुनी_सनद: ती सक्ती दखलपात्र, म्हणजे पोलिसांना आदेशाशिवाय तपास करता येणाऱ्या गुन्ह्यांपुरती. न्याय संहितेतली (गुन्हे आणि शिक्षांचा कायदा) साधी दुखापत 115(2), शिवीगाळ 352, धमकी 351(2) हे सगळं अदखलपात्र. अडून बसल्याने कलम बदलत नाही. जखमेने बदलतं. हाड मोडलं, दात पडला किंवा 15 दिवस रोजची कामं करता आली नाहीत तर गंभीर दुखापत, 117(2). कोयता किंवा तशा घातक हत्याराने मारलं तर 118(1). दोन्ही दखलपात्र. आणि एक जरी कलम दखलपात्र निघालं तरी सुरक्षा संहितेच्या 174(4) मुळे सगळं प्रकरण दखलपात्र ठरतं. म्हणून एनसी घ्या, मेडिकल यादी (तपासणीसाठी रुग्णालयाला पोलिसांचं पत्र) मागा, त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात तपासून घ्या. एक्स-रेत फ्रॅक्चर दिसलं की कलमवाढ मागता येते.

पक्षकार: कागदावर! जबाबात कोयत्याच्या 'लाथाबुक्क्या' होतात.

जुनी_सनद: मग वाचल्याशिवाय सही करता कशाला? एफआयआर नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार, सुरक्षा संहितेचं 173(4). तरी हललं नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, 175(3). मधली पायरी गाळली की अर्ज तिथेच अडतो. शिवाय 118(1) ची शिक्षा 3 वर्षांपर्यंत, त्यामुळे उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवस प्राथमिक चौकशी होऊ शकते. 117(2) ला 7 वर्षं, तिथे ही सवलत नाही.

तारीख_पे_तारीख: तुम्ही दोघंही मुदत विसरलात. 115(2) ला कमाल शिक्षा 1 वर्ष, म्हणून न्यायालयाने दखल घेण्याची मुदतही 1 वर्षच (सुरक्षा संहितेचं कलम 514). एनसी नोंदवून ती थांबत नाही. पोलीस पुढे त्याच संहितेच्या 126 ची चॅप्टर केस करतात, लोकांना वाटतं न्याय झाला. तो फक्त शांतता राखण्याचा बंधपत्राचा मामला, मारहाणीची शिक्षा नव्हे.

पक्षकार: म्हणजे पावती हा सापळाच.

तारीख_पे_तारीख: घरात ठेवली तर. वर्षाच्या आत तिची प्रत आणि वैद्यकीय दाखला जोडून 174(2) खाली तपासाचा आदेश मागा, नाहीतर थेट खाजगी फिर्याद करा.