चपलेत घालायची, पायाचा आकार घेणारी गादी बनवतेय, मोहरी भरून पाहिली. आता काय भरू?

टॉवेलची किनार (सोलापूर)

नमस्कार. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या बाजूला राहते. घरी दोन शिलाई मशीन आहेत, टॉवेलला किनार मारायचं काम करते, डझनावर मजुरी. प्रश्न माझ्या आईच्या पायांचा आहे. जरा सविस्तर लिहिते, सांभाळून घ्या.

आई 28 वर्षं टॉवेल कारखान्यात वाइंडिंगला आहे. उभं राहून कोनवर सूत भरायचं, धागा तुटला की गाठ मारायची आणि मशीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसभर चालत राहायचं. खाली शहाबादी फरशी. सकाळी उठल्यावर पहिली दहा-बारा पावलं तिला टाच टेकवत नाही, भिंत धरून मोरीपर्यंत जाते. मग सुटतं. संध्याकाळी घरी आली की टाच बरी असते, पण चवड्याखाली आग होते म्हणते. थंड पाण्याच्या घमेल्यात पाय घालून बसते.

मी एकदा तिला ओल्या पायांनी फरशीवर उभं केलं आणि ठसे बघितले. उजव्या पायाचा मधला भाग कोरडा राहिला, जसा राहायला पाहिजे तसा. डाव्याचा अख्खा तळवा उमटला, कमान बसलीच आहे. एकाच बाईचे दोन पाय दोन तऱ्हेचे. बाजारातल्या गादीला दोन्हीकडे सारखाच उंचवटा. डावीकडचा टोचायला लागला म्हणून तिने दोन्ही काढून ठेवल्या.

मग मेमरी फोमची जोडी आणली. थंडीत छान वाटली, पाऊल उचललं की ठसा दिसायचा, आई खूश. एप्रिल लागला तसा फोमचा पापड झाला. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 च्या वर जातो आणि पत्र्याखालच्या शेडमध्ये कसं होत असेल ते सांगायला नको. मी स्वतःच्या चपलेत ती गादी घालून टाचेखाली लहान भोक पाडलं, त्यात मुलीची खेळायची क्ले भरली आणि पाच मिनिटं उभी राहिले. गादी 10 मिलीमीटरची होती, क्लेची चकती निघाली जेमतेम 1 मिलीमीटरची. म्हणजे टाच जवळजवळ फरशीवरच होती की!

तेव्हा मला मुलीची राईची उशी आठवली. बाळाचं डोकं गोल राहावं म्हणून आपण मोहरी भरून देतो ती. डोकं ठेवलं की दाणे बाजूला होतात आणि बरोब्बर खळगा पडतो. हेच पायाला का नको? मांजरपाटाची पिशवी शिवली, मोहरी भरली. पहिल्या दिवशी सगळे दाणे टाचेखालून पळून मधे गोळा झाले. मग गोधडीला घालतो तशा टिपा घालून दोन-दोन सेंटिमीटरचे चौकोन केले. दाणे थांबले. आई म्हणाली, "चंद्रभागेच्या वाळवंटात उभी राहिल्यासारखं वाटतंय." मला इतका आनंद झाला! पण पाचव्या दिवशी टाचेखालचे दाणे चिरडून तेल सुटलं, कापड पिवळं झालं, वास यायला लागला. आणि एका टिपेची गाठ वरच्या बाजूला राहिली होती, तिने डाव्या अंगठ्याखाली ज्वारीच्या दाण्याएवढा लाल डाग पडला. आईला कळलंही नाही, पाय धुताना मला दिसला.

मला विचारायचंय ते हे. मोहरीच्या जागी काय भरू? आणि भरलेलं रोज हलतं राहावं, की एकदा आकार घेऊन तसंच राहावं? आईला 9 वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत.

जुना कळबूत

ताई, मी 40 वर्षं चपला बनवतोय, तुमच्याच जिल्ह्यातला. तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे म्हणून आधी त्याचं उत्तर देतो. एकदा आकार घ्यावा आणि मग धरून ठेवावा.

चामड्याची नवी चप्पल आठ दिवस चावते. घाम आणि वजन मिळून तळ हळूहळू बसतो, अंगठ्याची खळगी पडते, टाचेची वाटी होते. त्यानंतर ती चप्पल दुसऱ्या कुणाच्या पायाला येत नाही. चामडं एकदा बसलं की पाऊल उचलल्यावर परत फुगत नाही, म्हणून पायाला आधार मिळतो. जी गादी प्रत्येक पावलाला नवा आकार घेते ती आधार देत नाही. पायाच्या स्नायूंना दिवसभर तोल सावरत बसावं लागतं. वाळूत दोन किलोमीटर चालून बघा, पोटऱ्या भरून येतील. आईंना पहिल्या दिवशी बरं वाटलं ते खरं, पण आठ तासांना ते चालणार नाही.

मोहरीच्या जागी कॉर्कचा चुरा घ्या, बारीक. त्यात रबराचं दूध, म्हणजे लॅटेक्स, कालवा. जर्मनीच्या बिर्केनस्टॉकच्या चपलांचा तळ कॉर्क आणि लॅटेक्सचाच असतो, त्याची ख्याती आकार घेण्याबद्दलच आहे. तुमचे चौकोन चांगले आहेत, ते ठेवा. ओलसर असताना पाऊल दाबून आकार घ्या आणि सावलीत वाळवा. गॅस्केटच्या दुकानात कॉर्कची शीट मिळते, ती मात्र घेऊ नका. बरीचशी रबरात घट्ट बांधलेली असते, दाबली की परत उसळते.

माप संध्याकाळी घ्या, कामाची पाळी सुटल्यावर. दिवसभर उभं राहून पाय सुजतो, सकाळी घेतलेलं माप दुपारी आवळतं. आणि गादी जाड झाली की वरचा पट्टा पाय दाबतो, तेव्हा चपलेतली जुनी गादी आधी काढा. मागे पट्टा असलेली सँडल असू द्या. नुसत्या चपलेत बोटांनी पकडून चालावं लागतं.

फोमवाला (पिंपरी)

मी फोमच्या कारखान्यात नोकरीला आहे, म्हणून फक्त तेवढंच सांगतो. मेमरी फोम 1966 मध्ये अमेरिकेत नासाच्या कामातून आला, विमानाच्या आसनांसाठी. त्याचा गुणच असा की ऊब लागली की मऊ पडायचं आणि गार झालं की कडक. ज्या उबेने तो पायाचा आकार घेतो, त्याच उबेने सोलापूरच्या उन्हाळ्यात तो पूर्ण ढिला पडतो. तुमच्या जोडीत खोट असेलच असं नाही, त्या हवेत तो तसाच वागणार. क्लेची युक्ती फार आवडली, आमच्याकडे हेच मापायला यंत्र लागतं.

ईव्हीए, म्हणजे चपलांच्या तळाला वापरतात तो घट्ट फोम, टिकतं, पण त्याच्याही आतले हवेचे बुडबुडे दाबाने आणि उष्णतेने हळूहळू बसतात. एका जोडीला रोज राबवण्यापेक्षा दोन जोड्या आलटून पालटून वापरल्या तर फोमला परत उठायला रात्र मिळते.

पाऊलवाट (फिजिओथेरपिस्ट)

ताई, तुमची मेहनत आणि बारकाई बघून खूप बरं वाटलं. पण मला तुमच्या पोस्टमधल्या एकाच ओळीने धास्ती वाटली. अंगठ्याखाली डाग पडला आणि आईंना कळलं नाही. 9 वर्षांची शुगर, चवड्याखाली आग आणि गाठ टोचल्याचं न कळणं, हे तिन्ही एकत्र आलं की पायाच्या नसा मंदावल्यात का ते आधी बघायलाच हवं. कॉर्क, फोम सगळं नंतर.

तपासणी साधी आहे. नायलॉनचा एक तंतू असतो, 10 ग्रॅमच्या जोराला वाकणारा. डोळे मिटायला सांगून तळव्यावर ठरावीक जागी टेकवतात आणि कळतंय का विचारतात. सरकारी दवाखान्यात होते. या आठवड्यातच जा.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवर बरीच वर्षं काम केलं. बधिर पाय बहुतेक वेळा एका मोठ्या जखमेने जात नाही, त्याच जागी पुन्हा पुन्हा पडणाऱ्या छोट्या दाबाने जातो, हे त्यांनी दाखवून दिलं. आपला पाय दुखला की आपण नकळत वजन दुसरीकडे टाकतो. बधिर पाय ते करत नाही, त्याच जागेवर हजार वेळा टेकतो. तुमची एक गाठ अशीच होती. मधुमेही लोक वापरतात त्या एमसीआर चपलांचा, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचा, उगमही याच कुष्ठरोगाच्या कामात आहे.

अशा पायाला गादी आपोआप आकार घेईल या भरवशावर सोडत नाहीत, ती आधीच साच्यावरून घडवतात. तळव्याचा जितका जास्त भाग टेकेल तितका एकेका जागेवरचा दाब कमी. बुटाच्या आतला दाब चौरस सेंटिमीटरला साधारण 2 किलोच्या आत ठेवायचा असं धोरण असतं. चवड्याच्या हाडांच्या किंचित मागे छोटा उंचवटा देतात, हाडांच्या बरोबर खाली कधीच नाही. कुणी गरम करून वाकणारी शीट थेट पायावर दाबा म्हणालं तर आईंच्या बाबतीत अजिबात ऐकू नका. ती शीट 140 अंशांपर्यंत तापवतात. चटका बसला तरी त्यांना कळणार नाही.

आणि अनवाणी चालणं बंद, घरातसुद्धा.

टॉवेलची किनार (सोलापूर)

ताई, तुमचं वाचून त्याच रात्री आईचे पाय मांडीवर घेऊन बघितले. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाचा खाडा करून तिला दवाखान्यात नेलं. टाचेवर तंतू टेकवलेला तिला कळला. डाव्या अंगठ्याखाली नाही कळला, चवड्याच्या मधेही नाही. ती डोळे मिटून हसत होती, "लाव की आता," म्हणत होती आणि तंतू आधीच टेकून वाकलेला होता. मला तिथे उभं राहवेना.

एक अडचण आहे. ती दर सोमवारी सिद्धेश्वराला जाते, तळ्याच्या काठापासून अनवाणी. उन्हाळ्यात दुपारी फरशी तव्यासारखी असते. "देवाच्या दारात पायाला काही होत नाही," म्हणते. तिला कसं समजावू?

पाऊलवाट (फिजिओथेरपिस्ट)

दर्शन बंद करू नका, वेळ बदला. सूर्य वर यायच्या आत नेऊन आणा, जाड सुती मोजे घालून. देवळात मोज्यांना सहसा कुणी हरकत घेत नाही. मोजे पांढरेच घ्या, जखम झाली आणि पाणी किंवा रक्त लागलं तर लगेच दिसतं.

टॉवेलची किनार (सोलापूर)

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

दवाखान्यातल्या माणसाने आईचे दोन्ही पाय फोमच्या खोक्यात दाबून ठसे घेतले, त्यात प्लास्टर ओतून पाऊल तयार केलं आणि त्या प्लास्टरवर गरम शीट बसवली. मी शेजारी उभी राहून सगळं बघितलं. डाव्या पायाला त्याने कमान जबरदस्तीने वर उचलली नाही, आहे तिथेच हाताची ओंजळ धरावी तसा आधार दिला. खाली कडक ईव्हीए, वर मऊ थर, मागे पट्टा असलेली सँडल. पहिल्या दिवशी एकच तास, मग रोज तासभर वाढवत नेलं. प्रत्येक वेळी काढल्यावर लाल डाग आहे का बघायचं. आता पूर्ण पाळी घालते. सकाळची टाच अजून धरते, पण भिंत न धरता दाराच्या कडीपर्यंत जाते. उठण्याआधी टॉवेल तळव्याला अडकवून ओढायचा व्यायामही करते. टॉवेलची घरात काय कमी!

माझ्या हातात राहिलं ते वरचं कव्हर. गादीवर बसणारं, काढून धुता येणारं, पांढऱ्या सुती कापडाचं. टॉवेलचं कापड आधी घेतलं होतं, पण त्याचे फासे तळव्याला घासतात, म्हणून विणीचं गुळगुळीत घेतलं. शिवण सगळी खालच्या बाजूला वळवली. गाठ एकही नाही, टीप मागे-पुढे मारून तोडते. शिवून झालं की डोळे मिटून त्यावरून गाल फिरवते, बोटांना न लागणारं गालाला लागतं. दर सोमवारी मोज्यासोबत नवं कव्हर.

काका, कॉर्कचं तुमचं म्हणणं मी सोडलेलं नाही. आईसोबत वाइंडिंगला एक तिशीची बाई आहे. तिला शुगर नाही, आणि मी मुद्दाम तिलाही तंतू लावून घ्यायला लावलं, सगळीकडे कळतंय. पाळी सुटल्यावर तिच्या पायाखाली ओला कॉर्क दाबून घेतला, तीन दिवस सावलीत वाळवला, वर पातळ चामडं चिकटवलं. बारा दिवस झाले. माझ्या पायाखाली क्लेची परीक्षा केली तर 9 मिलीमीटरची गादी 7 वर थांबली, आणि मे महिना चालू आहे. एकच गोष्ट अडते. चौकोनांच्या टिपांवर लॅटेक्स घट्ट होऊन कडा उभ्या राहतात, चामड्याखालूनही हाताला लागतात. टिपा दूर घेतल्या तर ओला चुरा दाबताना सरकतो.

जुना कळबूत

टिपा आकार देईपर्यंतच हव्यात ना? मग कच्च्या धाग्याने लांब टाके घाला. दुसऱ्या दिवशी अर्धवट ओलं असतानाच धागा ओढून घ्या आणि लाटण्याने हलका हात फिरवा. कडा बसतील.

टॉवेलची किनार (सोलापूर)

कच्चे टाके! मी रोज घालते आणि रोज उसवते, तरी सुचलं नाही. आज रात्रीच त्या वाइंडिंगच्या बाईचा डावा पाय पुन्हा घेते.