अपील आहे, पण ऐकायला कोणी नाही

संस्थांवरचा विश्वास सोशल मीडियाने घालवला, असं म्हटलं जातं. थोडंफार पटतं, पण सगळं खापर त्याच्यावर फोडू नका. काही संस्था ज्यांनी उभ्या केल्या त्यांनीच खिळखिळ्या केल्या. जागतिक व्यापार संघटनेचंच बघा. देशांमधल्या व्यापारी तंट्यांच्या निकालांवर अपील ऐकणाऱ्या तिच्या अपील मंडळावर सात सदस्य असायचे, एका खटल्याला तीन लागतात. अमेरिकेने नेमणुका अडवून धरल्या (सुरुवात ओबामांच्याच काळात झाली, एकट्या ट्रम्प यांची ही करामत नव्हे) आणि डिसेंबर २०१९ मध्ये एकच सदस्य उरला. तेव्हापासून हरलेल्या देशाने अपील ठोकलं की झालं, सुनावणीच होत नाही. इंडोनेशियाच्या निकेल निर्यातबंदीविरुद्धचा खटला युरोपियन युनियनने जिंकला, इंडोनेशियाने २०२२ मध्ये अपील केलं, निकाल लटकला.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत (आयएमएफ) मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून जास्त. म्हणजे नकाराधिकारच. २०१० मध्ये ठरलेली कोटा-सुधारणा (कोटा म्हणजे प्रत्येक देशाचा निधीतला वाटा, मतं त्यावरच ठरतात) अमलात यायला जानेवारी २०१६ उजाडलं. त्याच महिन्यात बीजिंगमध्ये चीनच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेचं (एआयआयबी) कामकाज सुरू झालं. तिथे महत्त्वाच्या निर्णयांना ७५ टक्के मतं लागतात आणि चीनकडे आहेत सुमारे २६ टक्के.