‘केबल म्हणजे केबल’ म्हणणाऱ्यांना सविस्तर उत्तर

तारयात्री

काल ‘नवा_नोड’ यांनी विचारले होते की, मेशचा (घरभर वाय-फाय पसरवणाऱ्या अनेक उपकरणांच्या संचाचा) दूरचा नोड, म्हणजे त्यातले एक उपकरण, केबलने जोडूनही त्या खोलीतला वेग वाढत नाही आणि अ‍ॅप मात्र सगळे सुरळीत असल्याचे सांगते, तर नेमके काय तपासावे. त्यावर ‘शून्यविलंब’ यांनी एका ओळीत निकाल दिला : “केबल म्हणजे केबल, तिच्यात बिघडण्यासारखे काही नसते, नोड रीसेट करून पुन्हा जोडा.” याच सल्ल्यापायी मी स्वतः दोन शनिवार वाया घालवलेले असल्यामुळे गप्प बसवत नाही.

माझ्याकडे दूरच्या नोडवर वेग कायम ९४ एमबीपीएसच्या आसपास अडकत असे. सकाळ असो वा मध्यरात्र, आकडा हलत नसे, आणि वायरलेसचा वेग असा कधीच स्थिर राहत नाही हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. ९४ म्हणजे १०० एमबीपीएसच्या जोडणीतून हेडरचा (प्रत्येक पाकिटावरच्या पत्त्यासारख्या मजकुराचा) खर्च वजा जाता हाती उरणारा वेग. गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला १-२ आणि ३-६ क्रमांकांच्या तारांच्या दोनच पुरतात. म्हणून निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तरी पोर्टवरचा दिवा लागतो, नोड जोडलेला दिसतो आणि अ‍ॅपमधला हिरवा ठिपका ढळत नाही. त्याहून फसवी गोष्ट अशी की, वेग ठरवण्याची दोन उपकरणांमधली बोलणीसुद्धा याच दोन जोड्यांवर होतात. त्यामुळे गिगाबिट ठरते आणि ऐनवेळी जमत नाही. मग काही उपकरणे मुकाट्याने १०० वर उतरतात, तर काही जोडणी तोडून पुन्हा जोडत राहतात. आपण दोष देतो नोडला. दहा वेळा रीसेट केल्याने तुटलेली तार सांधली जात नाही.

शून्यविलंब

माझ्या एका ओळीवर एवढा मोठा मांडव घातल्याबद्दल आभारी आहे. ‘बिघडण्यासारखे काही नसते’ हे अतिशयोक्त होते, हे मान्य करून टाकतो, म्हणजे पुढचे बोलता येईल.

बहिणीच्या घरी अगदी हीच तक्रार होती, आणि आपल्यासारख्याच एका केबलभक्ताच्या सांगण्यावरून तीन केबल बदलून झाल्या होत्या. मी गेल्यावर पाहिले, तर स्विच (एका केबलच्या अनेक वाटा करणारे उपकरण) होता इंटरनेट पुरवठादाराच्या खोक्याला जोडलेला, आणि त्याच स्विचमधून एक केबल मुख्य नोडला व दुसरी दूरच्या नोडला गेलेली. मुख्य नोड राउटर म्हणून चालत असेल, तर त्याच्या आतले जाळे वेगळे आणि बाहेरचे वेगळे. दूरचा नोड केबलने उंबऱ्याबाहेर उभा होता आणि घरातल्यांशी वायरलेसने बोलत होता, म्हणूनच केबल लावूनही वेग तसूभरही बदलत नव्हता. स्विच काढून मुख्य नोडच्या लॅन (आतल्या जाळ्याच्या) पोर्टला लावला आणि पाच मिनिटांत प्रश्न मिटला. नवीन आणलेल्या तिन्ही केबल अजून माळ्यावर आहेत.

आधी मांडणी पाहावी, मग तारेला हात लावावा. रीसेटचा सल्लाही त्यासाठीच होता, कारण पुन्हा जोडताना माणूस निदान कोणती केबल कुठे जाते हे पाहतो.

तारयात्री

रीसेटचा हा अर्थ आपण आत्ता लावलात. काल तो नव्हता.

खोकेपीडित

या सगळ्याचे मूळ पुरवठादाराच्या खोक्यात आहे आणि त्यावर कोणीच बोलत नाही, याचे आश्चर्य वाटते. माझ्या खोक्यातला ब्रिज मोड, म्हणजे राउटरचे काम सोडून नुसती लाइन पुढे देण्याची सोय, त्यांनी कुलूपबंद ठेवला आहे. परिणामी तेही राउटर, मेशही राउटर, आणि एकावर एक दोनदा नॅट (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणे). भरीस भर म्हणजे दोघेही १९२.१६८.१.१ हाच पत्ता आपला म्हणून सांगत होते. आठ दिवस फोन केल्यावर ‘आपली लाइन उत्तम आहे’ असे उत्तर मिळाले; लाइनबद्दल मी विचारलेच नव्हते. शेवटी मेशलाच अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये (राउटर न होता नुसते वाय-फाय देण्याच्या कामावर) टाकले. एकच राउटर उरला, स्विच कुठेही लावला तरी चालू लागला, पण अ‍ॅपमधल्या निम्म्या सोयी गेल्या.

पक्कडवाला

मांडणी आणि मोड यांच्या चर्चेत खरा गुन्हेगार सुटतो आहे. घराघरांत भिंतीमधून गेलेल्या केबलपैकी किती खऱ्या तांब्याच्या आहेत, हे कोणी पाहिले आहे का? अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या तारेवर ‘कॅट ६’ छापून विकतात. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असते, तार वाकवली की तडकते, आणि त्या केबलमधून नोडला वीजही पुरवत असाल तर ती अधिक तापते. तारेचे टोक चाकूने खरवडून पाहावे. आत पांढरे निघाले तर समजून जावे. (कथिलाचा मुलामा असलेले खरे तांबे वरून पांढरे दिसते, पण खरवडल्यावर लाल निघते, हेही सांगून ठेवतो, नाहीतर चांगल्या केबल फेकल्या जातील.)

शून्यविलंब

माझ्याकडची १२ मीटरची केबल नेमकी अशीच आहे, मी खरवडून पाहिली आहे. चार वर्षे गिगाबिटवर चालते आणि स्विचच्या नोंदीत सीआरसी त्रुटी (वाटेत बिघडलेल्या फ्रेम) शून्य. मग गुन्हा कोणता?

पक्कडवाला

चार वर्षे हेल्मेट न घालता गाडी चालवली आणि काही झाले नाही, असे सांगणारेही भेटतात. दर्जाच्या कोणत्याही मानकात ती तार बसत नाही. अ‍ॅल्युमिनियम हवेने गंजते, टेकण ढिले होते, आणि एके दिवशी जोडणी तुटू लागली की आपण इथे येऊन ‘मांडणी तपासा’ म्हणणार!

प्लगचेही तेच. एकसंध तारेसाठीच्या आणि बारीक पदरी तारेसाठीच्या प्लगची पाती वेगळी असतात, हे किती जणांना ठाऊक आहे? चुकीचा प्लग पहिल्या दिवशी चालतो, सहा महिन्यांनी हलू लागतो. टोकाशी पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये, तर लोक बोटभर उलगडून प्लगमध्ये कोंबतात. आठ दिव्यांच्या टेस्टरवर सगळे दिवे क्रमाने लागले म्हणून माझ्याशी वाद घालणारे एक गृहस्थ होते. त्यांनी रंग मनाने लावले होते, दोन्ही टोकांना सारखे, पण जोड्या फुटलेल्या, म्हणजे एका जोडीचे काम एकमेकींना पीळ नसलेल्या तारांवर आलेले. टेस्टर खूश, वेग मात्र कोलमडलेला.

शून्यविलंब

प्रश्न बारा मीटरचा होता, उत्तर हेल्मेटचे आले. आपल्या हाती पक्कड असल्यामुळे आपल्याला सगळीकडे प्लगच दिसतात, एवढेच म्हणतो.

पक्कडवाला

आणि आपल्याला प्लग दिसतच नाहीत, कारण आपण ते कधी स्वतः लावलेले नाहीत.

जुना_स्विच

दोघांनीही जरा दम घ्यावा. एक तिसराच प्रकार राहून गेला आहे. माझ्या मुलाने ‘दोन केबल म्हणजे दुप्पट वेग’ अशा हिशेबाने नोडचे दोन्ही पोर्ट एकाच साध्या स्विचला जोडले. क्षणात सगळ्या पोर्टचे दिवे एका लयीत लुकलुकू लागले आणि घरातले सारे जाळे ठप्प झाले. आयपी पाकिटाला आयुष्याची मर्यादा असते, ते ज्यात गुंडाळून केबलवरून जाते त्या इथरनेटच्या फ्रेमला नसते. एकदा चक्र तयार झाले की प्रक्षेपित (सगळ्यांना उद्देशून पाठवलेली) फ्रेम त्यात फिरतच राहते. यावरचा उपाय, म्हणजे जादा वाट बंद ठेवून चक्र मोडणारी स्पॅनिंग ट्री ही पद्धत, संगणकतज्ज्ञ रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये काढला, पण साध्या स्विचमध्ये सहसा तो नसतो. मेशमध्ये धोका जास्त, कारण केबल आणि वायरलेस या दोन वाटा मुळातच असतात. केबल ओळखून वायरलेसची वाट बंद करणे नोडला जमले नाही, तर तेही चक्रच. सगळेच बंद पडले तर केबल एकेक करून काढाव्यात. ज्या केबलने घर पुन्हा जिवंत होईल, ती दोषी.

नवा_नोड

सर्वांचे आभार. माझा स्विच खरोखरच पुरवठादाराच्या खोक्याला जोडलेला होता. तो मुख्य नोडच्या मागे लावल्यावर अ‍ॅपमध्ये दूरचा नोड प्रथमच ‘केबलने जोडलेला’ दिसला. मात्र आधी वायरलेसवर २०० च्या आसपास मिळणारा वेग आता ९३-९४ वर थांबला आहे. म्हणजे दुरुस्तीनंतर वेग निम्म्यावर आला.

शून्यविलंब

मांडणीच चुकलेली होती, याची नोंद घ्यावी.

तारयात्री

आणि ९४ हा आकडाही नोंदवून ठेवावा. भिंतीतले सॉकेट उघडून पाहा. आधी लॅपटॉप एका छोट्या, खात्रीच्या पॅच कॉर्डने थेट मुख्य नोडला लावा. तिथे १००० दिसले, तर पोर्ट निर्दोष आणि दोष पुढच्या तारेत.

नवा_नोड

मुख्य नोडला १००० दिसले. सॉकेट उघडले, तर तपकिरी जोडीतली एक तार खाचेत बसलेलीच नव्हती, नुसती वर टेकलेली होती. दाबून बसवली. दूरच्या नोडला लॅपटॉप केबलने जोडून आयपर्फ (वेग मोजणारे साधन) चालवले, ९४१ आले.

शून्यविलंब

ठीक आहे. तार होती. पण मांडणी सुधारली नसती, तर ती तार कोणाला दिसलीही नसती.

पक्कडवाला

ती केबल खरवडून पाहिली का? आत लाल निघाली की पांढरी?

नवा_नोड

नाही. आता चालते आहे, त्यामुळे तिला मी हात लावणार नाही.