चेहरे वाचून कळतं म्हणे!

खडूफळा: काल एका गुरुजींची पोस्ट वाचली. ‘हाडाच्या शिक्षकाला प्रश्न विचारावे लागत नाहीत, चेहऱ्यावरूनच कळतं कोणाला समजलं.’ बावीस वर्षं गणित शिकवतोय, मला नाही कळत. सहावीतली एक मुलगी तासभर माझ्याकडे बघत मान डोलवायची. वही पाहिली तर १/२ + १/३ = २/५. पानभर तेच! आणि खिडकीबाहेर बघत पेनाचं टोपण चावणाऱ्या पोराची सगळी गणितं बरोबर. ‘कळलं का?’ला येणारा ‘होऽऽ’ आणि डोलणारी मान, दोन्ही मला सारखेच. मी एक गणित घालतो, उत्तर कागदावर मोठ्ठं लिहून वर धरायला लावतो.

सुनंदा: सर, तुमची मुलं मोठी आहेत, त्यांना लपवता येतं. माझ्या दुसरीतल्यांना नाही येत. खोडरबर घासून कागद फाटायला आला की मी उठून जवळ जाते, तिथे वजाबाकीतला हातचा अडलेला असतो. २०२० मध्ये मोबाइलवर शिकवताना समोर नुसते काळे चौकोन. सहा महिने आंधळ्यासारखं शिकवलं. चेहऱ्याची किंमत तेव्हा कळली.

झेडपी मास्तर: चेहरे बघायला वेळ आहे कुणाला? दोन वर्ग एकत्र, वर मतदारयादी, आहाराच्या नोंदी, रोज नवी लिंक भरा, रोज नवा फोटो वर पाठवा. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक, हे कायद्यातच आहे. आधी ते द्या.

एक पालक: विषय कुठलाही असो, तुमचं रडगाणं तेच! शिक्षकांना शिकवण्याबाहेरची कोणती कामं देता येतात ते शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये आहे, निवडणुकीचं काम त्यात बसतं.

झेडपी मास्तर: बसतं, मान्य. जनगणना आणि आपत्तीचं कामही बसतं. रोजचे फोटो कुठल्या कलमात बसतात तेवढं सांगा. रडगाणं म्हणताय, एक दिवस येऊन वर्ग सांभाळा! माझ्या वर्गात एक पोरगी जांभया द्यायची, मी दोनदा ओरडलो. आईबाप ऊसतोडीला, ही आजीजवळ. पहाटे चारला उठून पाणी भरून यायची. महिनाभर मला पत्ता नाही, कारण मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलो.

एक पालक: हे वाचून वाईट वाटलं. रडगाणं हा शब्द मागे घेतो, कलमाचं मागे घेत नाही. पण ओरडलात ते जांभई बघूनच ना? माझा मुलगा स्वमग्न आहे. कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. डायरीत वर्षभर एकच शेरा: ‘वर्गात लक्ष नसते.’ घरी येऊन तो बाईंचा अख्खा धडा त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायचा. त्या बाईंनीही चेहराच वाचला होता.

सुनंदा: दादा, असा शेरा मीही लिहिलाय. दोनदा तरी. तरी सांगते, चेहरा बघणं सोडणार नाही. तो बघून जवळ जायचं, शेरा मारायचा नाही.

खडूफळा: जवळ जाण्यापुरतं मान्य. समजलं की नाही ते कागदावरच.

झेडपी मास्तर: साठ कागद एका वेळी कसे बघता?

खडूफळा: दोन-दोन रांगा. सगळे वाचत नाही, २/५ कुठे कुठे आहे तेवढंच शोधतो.