दोन वर्षांनी पुन्हा सराव: ढोल-ताशा पथकात परतताना काय काय तपासायचं?

करोनामुळे २०२० आणि २०२१ चे गणेशोत्सव मिरवणुकीविना गेले. यंदा, २०२२ मध्ये, निर्बंध उठलेत, चतुर्थी ३१ ऑगस्टला, म्हणजे हातात सहा आठवडेही नाहीत. ढोल माळ्यावरून खाली आलेत, वादक खुर्चीतून उठलेत. दोघांची अवस्था साधारण सारखीच! आठवणी मिरवणुकीत, पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर काढू. इथे प्रत्येकाने आपल्या टोपणनावाने वाद्य, हात आणि सरावाबद्दल नेमकं काय ते सांगा.

टिपरूवाला
ढोल हातात आला की लगेच ताणायला घेऊ नका. दोरी पूर्ण ढिली करा, पान (ढोलाच्या तोंडावर ताणलेला पडदा) काढा, उजेडासमोर धरा. कातडी पानावर बुरशीचे पांढरे ठिपके असतातच. कोरड्या फडक्याने जातात, ओल्याने पसरतात. खरी भीती काठाची. पान कड्यावर जिथे दुमडतं तिथे नख फिरवा. कुरकुरीत लागलं तर ते पहिल्याच सरावात तिथून फाटणार. कडं गंजलं असेल तर पॉलिश पेपरने घासून सुती पट्टी गुंडाळा, नाहीतर गंजाची धार पान कापत राहते. वाळवायचं ते सावलीत. उन्हात कातडं आक्रसून तडकतं. ताणताना समोरासमोरच्या दोऱ्या आळीपाळीने, थोड्या थोड्या, निदान तीन फेऱ्यांत. एकाच बाजूने आवळत गेलात की कडं तिरकं बसतं. मग कितीही ओढा, ढोल डबडबच वाजतो.

दुसरी रांग
वरच्यांशी सहमत, पण पावसात कातडं ओल पितं आणि ऐन सरावात ढिलं पडून आवाज उतरतो, त्याचं काय? फायबरचं पान बसवा. अर्थात त्याचंही दुखणं आहे: टिपरू (ढोल वाजवायची काठी) सतत एकाच जागी पडलं की खळगा पडतो आणि आवाज पत्र्यासारखा येतो. आठवड्याने पान थोडं फिरवून बसवा.
टिपरू जमिनीवर आपटून बघा. भुसा पडला तर कीड लागली आहे, फेका.

काड्यांचा हिशेब
ताशावाल्यांनो, सुटीनंतर हात नाही, लय बिघडते. दमलेला माणूस हळू वाजवेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो चालू ‘हात’ (वाजवायचा ठेका) लवकर संपवायला घाई करतो. एकाची लय चढली की मागचे पंचवीस ढोल त्याच्यामागे धावतात. पहिला आठवडा ताशा गळ्यात नकोच. सतरंजीची चौपदरी घडी, त्यावर काड्या, मोबाइलवर मेट्रोनोम (लयीची टिकटिक देणारं ॲप), रोज वीस मिनिटं. सतरंजीवर काडी उसळत नाही, म्हणून मनगटाला खरं काम पडतं. काडी मुठीत आवळू नका. अंगठा आणि तर्जनीत धरा, बाकीची बोटं नुसती टेकलेली. आणि हात बदलायचा इशारा एकाच ताशाने द्यायचा. दोघांनी दिला की अर्धी रांग दुसऱ्या हातावर, अर्धी तिसऱ्या.

थाप
चिकटपट्टी फोड आल्यावर नाही, वाजवायच्या आधी. अंगठ्याची बाहेरची कड आणि तर्जनीचं पहिलं पेर, दोन वेढे पुरे. सांधा मोकळा सोडा, नाहीतर बोटं बधिर होतात आणि थाप कुठे पडते ते कळत नाही.
ढोल कमरेच्या हाडावर बांधा, पोटावर नाही. पोटावर बांधला की माणूस मागे झुकतो आणि दुसऱ्या दिवशी पाठ धरते. पहिले तीन दिवस पंधरा मिनिटं बांधून, पंधरा मिनिटं उतरवून. कानात फोमचे बोळे घाला. पुढच्या रांगेत ताशा कानाशीच असतो.

ध्वजधारी
दोन वर्षं पडून वाळलेला ध्वजाचा बांबू पेरांच्या मधोमध उभा चिरतो. ओलं फडकं फिरवा, चिरेत ओल रेघ धरते आणि दिसते. चिरलेला बांबू तारेने बांधून चालवू नये. ॲल्युमिनियमचा पाइप हलका असतो, पण पेठांमध्ये डोक्यावर विजेच्या तारा असतात. तिथे नाचवणं बंद, ध्वज आडवा घेऊन पुढे जायचं.

नदीकाठ
सराव रात्री दहाच्या आत थांबवा, म्हणजे पावणेदहाला शेवटचा हात. ढोल उतरवून आवरेपर्यंत कोणीतरी टणत्कार करतोच, आणि तक्रार त्याचीच होते.
नदीपात्रात सराव असेल तर रोज दुपारी खडकवासला धरणाचा विसर्ग किती क्युसेक आहे ते बघायचं काम एकाला नेमून द्या. विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पात्रातला रस्ता बंद होतो. पाणी चढताना दिसल्यावर पन्नास ढोल टेम्पोत चढवायला वेळ नसतो. टेम्पो रस्त्याच्या दिशेला तोंड करूनच लावा.