जेवणात नको ती वस्तू सापडली : तेव्हा तुम्ही काय केलेत?

गेल्या आठवड्यात बिस्किटाच्या बंद पुड्यात मला नखाएवढी बारीक तार सापडली. संतापाच्या भरात मी पुडा कचऱ्यात टाकला, तार मात्र जपून ठेवली. दुसऱ्या दिवशी कंपनीने पहिलाच प्रश्न बॅच क्रमांकाचा विचारला आणि माझी बोलतीच बंद झाली. तुमच्यावर असा प्रसंग आला असल्यास त्या वेळी काय केलेत आणि काय करायचे राहून गेले, ते कृपया सविस्तर लिहावे.

— — —

मी बरीच वर्षे एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात होतो, म्हणून टेबलाच्या पलीकडचा अनुभव लिहितो. बॅच क्रमांक मिळाला की माल कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर तयार झाला हे कळते आणि त्या यंत्राच्या चाळणीची तार तुटली आहे का, हे थेट जाऊन पाहता येते. ग्राहक मात्र वस्तू धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून पाठवत, आणि नेमके तिथेच आमचे काम अडत असे. किड्याचेच पाहा. त्याच्या शरीरात फॉस्फटेज नावाचे विकर असते, ते उष्णतेने निकामी होते. त्यामुळे किडा पदार्थ शिजण्याआधी पडला की नंतर, याचा अंदाज प्रयोगशाळेला बांधता येतो. तोच किडा कोणी ‘नीट दिसावा’ म्हणून गरम पाण्यातून काढला, तर ती चाचणी फुकट जाते. तेव्हा वस्तू आहे तशी, उरलेल्या पदार्थासह झाकून शीतकपाटात ठेवावी आणि शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे.

— — —

डबाबंद माशांत मला काचेचे चार खडे सापडले, निदान मला तरी ती काचच वाटली. ते स्ट्रुव्हाइटचे स्फटिक असू शकतात, माशातल्याच खनिजांपासून डब्यात तयार होतात आणि कोमट व्हिनेगरमध्ये विरघळतात, असे फोनवर सांगण्यात आले. माझा विश्वास बसेना, म्हणून मी चारही खडे वाटीत टाकले. थोड्या वेळाने वाटीत फक्त व्हिनेगर उरले होते. ती काच नव्हती हे सिद्ध झाले खरे, पण दाखवायला एकही खडा हाती राहिला नाही. एकच टाकायला हवा होता.

— — —

आमच्या आईच्या घशात जेवताना प्लॅस्टिकचा टोकदार तुकडा अडकला. घरात जमलेल्यांपैकी कोणी कोरडा घास गिळायला सांगत होते, तर कोणी घशात बोटे घालून उलटी काढायला. सुदैवाने तिला श्वास घेता येत होता, त्यामुळे आम्ही दोन्हींपैकी काहीही न करता तिला रुग्णालयात नेले. क्ष-किरणात काही दिसले नाही. प्लॅस्टिक त्यात बहुधा दिसतच नाही, असे सांगून डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासले आणि तुकडा काढला. ‘फोटोत काही नाही’ एवढे ऐकून आम्ही घरी परतलो असतो तर, हा विचार आजही मनातून जात नाही.

— — —

माझा अनुभव थोडा लाजिरवाणा आहे. उपाहारगृहात घासात करडा, टणक खडा लागला. मी व्यवस्थापकांना बोलावून चारचौघांत बरेच सुनावले, त्यांनी बिचाऱ्यांनी बिलही घेतले नाही. रात्री गार पाणी पिताना दाढेत कळ आली. दंतवैद्यांनी तो खडा पाहिला आणि तो माझ्याच दाढेत भरलेल्या चांदीचा निघाला. दुसऱ्या दिवशी बिलाचे पैसे घेऊन मी पुन्हा तिथे गेलो.