मुलगा रागाचं पुस्तकच फेकून देतो. चित्रांची पुस्तकं खरंच उपयोगी पडतात का?

हर्णैची_सून
नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी आहे, सांभाळून घ्या. माझा मुलगा चार वर्षांचा, अंगणवाडीत जातो. मिस्टर बोटीवर असतात. जून जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बाप दोन महिने घरात, बोट शाकारून ठेवलेली, आणि हा दिवसभर पडवीत त्यांना चिकटून, ते जाळी शिवणार आणि हा दोऱ्याचा गुंडा धरून बसणार. मग १ ऑगस्टला बंदी उठते, समुद्र जरा निवळला की बोट जाते, एकेक फेरी आठ दहा दिवसांची. यंदा बोट गेल्यापासून पोराचं काहीतरी बिनसलंय. चप्पल फेकतो, आजीला चावला, भात कालवून दिला की ताट सरकवतो, विचारलं काय झालं तर "काय नाय".

मोबाइलवर वाचलं की भावना ओळखायला चित्रांची पुस्तकं चांगली, म्हणून ऑनलाइन एक मागवलं. वाघाचं पिल्लू, त्याला राग येतो, ते दहा आकडे मोजतं, राग पळतो. आता चप्पल फेकली की मी लगेच ते काढून बसते, बघ पिल्लू कसं शहाणं, तू पण मोज. परवा पुस्तक गेलं अंगणात, पागोळ्यांखाली. चुलीजवळ वाळवलं, पानं फुगलीत. रात्री झोपताना काढलं तर पान उलटू देत नाही, सारखं भलतंच विचारतो, "ह्याचा पप्पा कुठाय?" आता त्यात पिल्लू आणि आई एवढेच आहेत, पप्पा काढलेलाच नाही तर मी काय करू. तसं सांगितलं तर म्हणे वाघ खोटारडा आहे. सासूबाई म्हणतात पुस्तकं पुरे, दृष्ट काढ. दृष्ट पण काढली. दुसरं कुठलं पुस्तक घेऊ सांगा.

वाशिष्ठीकाठी
ताई मी चिपळूणची. पुस्तक बदलू नका आधी वेळ बदला, पोर पेटलेलं असताना पुस्तक काढलं की त्याला ती शिक्षाच वाटते, आपण चिडलो असताना नवऱ्याने "शांत हो" म्हटलं की कसं होतं तसंच.

माझं सांगते. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या खालच्या घरात पाणी शिरलं तेव्हा मुलगी तीन वर्षांची, आम्ही रात्रभर शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर. नंतर सगळं धुतलं, रंग दिला, पण ही रोज झोपायच्या आधी आपली पुस्तकं, बाहुली, एक पेला, सगळं स्टुलावर चढून कपाटावर ठेवायची. कोणी शिकवलं नव्हतं. आम्ही हसायचो, मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की पाणी आलं तेव्हा आम्ही हेच करत होतो ना, हे वर ठेव ते वर ठेव. तिच्याकडे पावसाचं एक पुस्तक होतं, छत्री बेडूक वगैरे, अगदी गोड. त्यातलं डबक्याचं पान आलं की पुस्तक मिटायची. मी मिटू दिलं. काही आठवडे त्या पानापर्यंत जायचं आणि मिटायचं. मग एकदा तिनेच बेडकाला विचारलं "तुझं कपाट कुठेय?" आणि मग बोलत सुटली, पाण्याचा वास, फ्रिज आडवा झालेला, सगळं. आम्हाला वाटत होतं तिला काही आठवत नाही.

बंदरावरचा_बाबू
सगळी नवीन फॅडं. आम्ही पाच भावंडं, चित्रांचं पुस्तक म्हणजे शाळेचं बालभारती, बास. राग आला तर दोन धपाटे, संध्याकाळी सगळं विसरून जेवायला. आजी गोष्टी सांगायची ते वेगळं. अडीचशे तीनशे रुपयांत त्या पोराला चांगला बांगडा खाऊ घाला.

बालवाडीताई
बाबूदादा, आजीच्या गोष्टीला तोड नाहीच, ते तुमचं मान्य. पण गोष्ट सांगून झाली की हवेत जाते, चित्र मात्र पानावर थांबलेलं असतं. पोर त्याच्याकडे पुन्हा येऊ शकतं, बोट ठेवू शकतं, नको वाटलं तर मिटू शकतं. वरच्या ताईंच्या मुलीने तेच केलं ना, पूर तिच्या हातात नव्हता, पुस्तक मिटणं होतं. आणि धपाट्यांनी तुम्ही विसरलात म्हणता, तर अजून आठवतात कसे?

हर्णैच्या ताई, आता तुमचं. मी रत्नागिरीजवळ बालवाडी घेते, बरीच वर्षं झाली. तुमच्या मुलाने "काय नाय" चं खरं उत्तर दिलेलं आहे आणि ते तुम्हीच वर लिहिलंय. ह्याचा पप्पा कुठाय. तो भलतं विचारत नाहीये हो, पुस्तकातलं एवढं एकच त्याच्या कामाचं आहे. त्यावर "पप्पा नाहीये" असं सांगून विषय संपवू नका, त्यालाच विचारा, "कुठे गेला असेल रे?" आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात कठीण, मला अजून जमत नाही, मनातल्या मनात पाच आकडे मोजते. वाघाने नाही, आपण मोजायचे.

याला आधार पण आहे. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक अभ्यास छापला, त्यात लहान मुलांच्या आईवडलांना महिनाभर एवढंच करायला लावलं होतं की नुसतं वाचून दाखवायचं नाही, मोकळे प्रश्न विचारायचे आणि मूल बोललं की त्याच्या बोलण्यात थोडी भर घालून परत द्यायचं. मुलांचं बोलणं चांगलंच वाढलं. तो अभ्यास भाषेचा होता, रागाचा नाही, पण ज्या मुलाला सांगता येतं ते चप्पल कमी फेकतं हा माझा वर्गातला अनुभव. "हा काय आहे? वाघ. रंग कुठला? पिवळा." ही परीक्षा झाली. "आता काय झालं असेल इथे?" या गप्पा झाल्या.

अजून एक, आपण मुलांना तीनच शब्द देतो, आनंद, राग, दुःख, ते भिंतीवरच्या तक्त्यातले गोल पिवळे चेहरे. मराठीत काय शब्दांना तोटा आहे? रुसणं वेगळं, हिरमुसणं वेगळं, कावणं, धुसफुसणं, भेदरणं, ओशाळणं, चुटपुट लागणं. माझ्या वर्गात एकाने स्वतःहून सांगितलं, "बाई मी रागावलो नाय, हिरमुसलोय", त्या दिवशी मला पगारवाढ झाल्यासारखं वाटलं (झाली नव्हती).

पुस्तकांवर खर्च करू नका फार. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे, २०१५ पासून, मोबाइलवर फुकट, मराठीत भरपूर, प्रिंट पण काढता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त असतात. ज्योत्स्ना प्रकाशनाकडे माधुरी पुरंदरेंची बघा, आपल्यासारखी घरं, आपल्यासारखी माणसं. आणि त्या वाघासारखी, शेवटी शहाणपण शिकवणारी पुस्तकं मला तरी आवडत नाहीत, पोरं बरोबर ओळखतात. तुमच्या मुलाने ओळखलंच.

हा त्रास बरेच आठवडे राहिला, झोप उडाली, खाणं तुटलं, स्वतःला मारायला लागला तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अंगणवाडीत तपासणीला डॉक्टरांचं पथक येतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, त्यांना पण सांगता येतं. पुस्तक म्हणजे औषध नव्हे.

ग्रंथालयातला_उंदीर
ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला प्लस वन. मॉरिस सेंडाकचं "व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर", ते राक्षसांच्या बेटाचं पुस्तक, १९६३ चं, पुढच्या वर्षी त्याला कॅल्डेकॉट पदक (अमेरिकेत चित्रपुस्तकांना देतात ते) मिळालं. मुलगा दंगा करतो, आई उपाशी झोपायला पाठवते, तो मनातल्या मनात होडीने राक्षसांकडे जाऊन मनसोक्त धुमाकूळ घालतो आणि परत येतो तर जेवण वाढलेलं, अजून गरम. आकडे मोजत नाही, सॉरी म्हणत नाही, कोणी त्याला "मग काय शिकलास" विचारत नाही. माझ्या पुतणीला दाखवलं तर तिचा एकच प्रश्न होता, जेवायला काय होतं.

मालवणातलो_आजो
गो बाय, मी आजो, माका टायपिंग नीट येत नाय, समजून घे. माझो झील मुंबयक असता, नातू पाच वर्षांचो. मे महिना संपून गावाहून परत जाताना दरवर्षी रडून गोंधळ. पुस्तक कुठलं आणू, म्हणून मीच केलं. जुनी शंभर पानी वही, त्यात गावची गाडी, स्टेशन, बोगदे, पनवेल, त्यांची बिल्डिंग. चित्रं माझी भयंकर, इंजिन म्हणजे काजूची बोंड दिसते. पण पोरगं ती वही उशाशी घेऊन झोपता. शेवटच्या पानावर परत सावंतवाडी स्टेशन काढलंय आणि मी उभो. तुझ्या घोवाचे बोटीवरचे फोटो असतील ना मोबाइलात? चिकटव वहीत. बर्फ भरतात, डिझेल भरतात, जाळं टाकतात, रात्री कुठे झोपतात. पोराक तां ठाऊकच नाय मा बाप जातो खंय!

आणि तारा मोडक, अनुताई वाघ बोर्डीत १९४५ ला बालवाडी घेऊन बसल्या तेव्हा त्यांच्याकडे कुठे होती महागडी पुस्तकं? पानं, बिया, शंखशिंपले. चाललं ना.

हर्णैची_सून
दोन आठवड्यांनी येतेय, सगळ्यांचे आभार, बाबूदादा तुमचे पण, बांगडा खाल्ला त्याने.

ताईंनी सांगितलं तसं विचारलं, कुठे गेला असेल याचा पप्पा. मी गप्प. तो पण गप्प. मी पाच काय पंधरा मोजले. मग म्हणाला "बोटीवर". वाघ बोटीवर कसा म्हणून हसायला येत होतं पण हसले नाही. मग हळूच, "बोट बुडली तर?" पावसात टीव्हीवर वादळाच्या बातम्या लागल्या होत्या, निसर्ग चक्रीवादळाच्या वेळचे फोटो दाखवत होते, आम्ही मोठ्यांनी आपलं बोलणं चालू ठेवलं, हा तिथेच खेळत होता. तो रागावलेला नव्हताच हो. भेदरलेला होता. आणि मी त्याला आकडे मोजायला सांगत होते.

आजोबा तुमची वही केली. मिस्टरांना फोन लागला तेव्हा सांगितलं फोटो पाठवा, त्यांनी आधी विचारलं वेड लागलंय का, मग बंदरात आल्यावर एकदम चाळीस पाठवले, त्यातले निम्मे स्वतःचे. दापोलीहून प्रिंट काढून आणले. वायरलेसचा सेट, लाइफ जॅकेट, तांडेल काका, खाली झोपायची जागा, सगळं चिकटवलं. त्या वाघाच्या पुस्तकात पण पोराने स्केचपेनने पिल्लाच्या मागे एक निळा गोळा काढलाय, तो पप्पा म्हणे.

चप्पल अजून फेकतो. कमी झालंय असं मला वाटतं, सासूबाईंना वाटत नाही. काल मिस्टर आले तर आधी बापाला उशीने बदडलं, मग मांडीवर चढून वही पुढे केली. हे बोट ठेवून वाचत होते, "आधी डिझेल भरतो, मग बर्फ", तर पोराने पान धरून ठेवलं. "चुकलं. आधी बर्फ. नीट वाच."